मला न आलेला वास

माझं माहेर माण तालुक्यातलं. दहिवडीच्या पुढे, उघड्या माळावरचं गाव. तिथली हवा कोरडी, ऊन कडक. उन्हाळ्यात धुळीचे लोट उठायचे, तरी लहानपणी मला कधी सर्दी झाल्याचं आठवत नाही. सासर मिळालं ते शिराळा तालुक्यात, नदीकाठचं. चारी बाजूंनी ऊस, पावसाळ्यात भाताची खाचरं, अंगणात बारमाही नळ. आता पोरीच्या डोक्यावर हंडा यायचा नाही, एवढ्यावरच माझी आई खूश होती.

नवरा फौजेत. सासरे लग्नाआधीच गेलेले. एकुलती एक नणंद, नवऱ्याहून थोरली, मलकापूरला दिलेली. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे वर्षातले दहा महिने घरात आम्ही दोघीच असायचो, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका होते, अजूनही आहे. सकाळी डबा घेऊन जायचं आणि पाचला परत यायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात शिंका सुरू झाल्या. सकाळी उठलं की पंचवीस-तीस शिंका, मग नाकातून पाणी, मग नाक गच्च. डोळ्यांच्या मधोमध कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. वाकून झाडायला लागलं की तो भार पुढे कपाळात यायचा. घराची मागची भिंत पावसाळाभर ओली असायची. कपाट सरकवलं तेव्हा मागे हिरवट-काळ्या बुरशीचे गोल दिसले. वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस दमट राहायचे आणि तेच अंगावर घालून मी शाळेत जायचे. पाऊस ओसरला की बांधाबांधावर काँग्रेस गवत फुलायचं. ते संपतंय तोवर कारखान्याचा हंगाम लागायचा. ऊस तुटला की लोक रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवायचे. गावावर धुराची चादर बसायची आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर जळक्या पानांचे काळे धागे येऊन पडायचे. थंडीत तो धूर वर जातच नसे, घरांच्या उंचीवर अडकून राहायचा.

आत्यांनी सुरुवातीला काळजी घेतली. ओव्याची पुरचुंडी करून दिली, हळद टाकून वाफारा दिला. पण महिने गेले, वर्ष गेलं, तशी त्यांची सहनशक्ती संपली.

"आमी काय ह्या गावात ऱ्हात न्हाई व्हय?" त्या म्हणायच्या. "आमास्नी कसं काय हुत न्हाई?"

मी नाक पुसत डबा भरायला लागायचे.

इस्लामपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "आतून सगळं सुजलंय. ॲलर्जी आहे. बुरशी, धूर, गवताचे परागकण, सगळंच दिसतंय. बाहेरगावी गेल्यावर फरक पडतो का?"

"माहेरी गेले की दोन दिवसांत मोकळं होतं," मी खरं ते सांगितलं.

"माहेर कुठलं?"

"माण."

"बरोबर. कोरडी हवा आहे तिकडं," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहून दिली.

डॉक्टरांना जे निदान वाटलं ते आत्यांना पुरावा वाटलं.  दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलेल्या बायकांना त्या सांगत होत्या, "माहेरी गेली की नाक मोकळं, सासरी आली की बंद. आसलं दुखणं कुणी आयकलंय का? सोंग हाय सगळं." मी आत तांदूळ निवडत होते. बायका हसल्या. त्यात त्यांचा फार दोष होता असं नाही. ऐकायला ते तसंच वाटतं.

तेव्हापासून मी माहेरी जाणं कमी केलं. जायची इच्छा झाली की आधी मनात यायचं, आता ह्या म्हणतील, निघाली नाक मोकळं करायला. दिवाळीला दोन दिवस जायचे. ते दोन दिवस मी अंगणात बसून नुसता श्वास घ्यायचे. आई विचारायची, "बरी हायस न्हवं?" मी म्हणायचे, "बरी हाय." तिथं मी खरंच बरी असायचे.

पाचव्या वर्षी वास कमी झाला. एकदम गेला नाही, त्यामुळे लवकर कळलंही नाही. आधी कोथिंबिरीचा गेला, मग साबणाचा. भाजी अळणी लागायची म्हणून मी मीठ-तिखट वाढवत गेले आणि आत्या ताट सरकवायला लागल्या. एकदा दूध पार करपून पातेलं काळं झालं. मी त्याच स्वयंपाकघरात पाठ करून वह्या तपासत बसले होते. आत्या गोठ्यातून धावत आल्या, गॅस बंद केला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"तुला खरंच वास आला न्हाई?"

"नाही आला."

त्या दिवसापासून दूध तापवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. भात लागला की त्या ओसरीवरून हाक मारायच्या. गॅसची टाकी बदलली की त्याच वाकून वास घ्यायच्या. तोंडानं मात्र सोंग हा शब्द सोडला नाही.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला सांगलीला नेलं. नाकातलं मांस वाढलंय, द्राक्षासारखे घोस झालेत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. पट्ट्या काढल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवर कुणीतरी मोसंबं सोललं आणि मला रडू आलं. इतकं साधं होतं ते. पुढचे चार-पाच महिने मला सगळ्याचा वास येत होता. शेणाचा, भिजलेल्या गोणपाटाचा, आत्यांच्या लुगड्यातल्या तंबाखूचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हवा तीच राहिली तर हे परत येऊ शकतं. धूर आणि ओल टाळा." मी मान डोलावली. धूर आणि ओल टाळायची म्हणजे गाव टाळायचं. पुढच्या हंगामात पाचटं पेटली आणि फाल्गुन येईतो नाक पुन्हा बंद झालं होतं. ह्या वेळी वास एका आठवड्यात गेला.

आता त्यानंतरच्या श्रावणाबद्दल.

आत्यांना साखर होती. गोळ्या घ्यायच्या, कधी विसरायच्या. त्या वर्षी पाऊस जून संपता संपता लागला तो उघडलाच नाही. गोठ्यात घोट्याएवढा चिखल झाला होता. आत्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. हे दर पावसाळ्याचंच होतं. त्या मेंदी लावायच्या, तेल-हळद लावायच्या, चार दिवसांत बरं व्हायचं. ह्या वेळी करंगळीच्या बुडाशी जखम झाली. मी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं, नर्सबाईंनी धुऊन पट्टी बांधली, मलम दिलं आणि रोज ड्रेसिंग करायला सांगितलं.

पहिला आठवडा मी रोज करत होते. वरून जखम पांढरी, स्वच्छ दिसत होती. मग आत्या म्हणायला लागल्या, "तुजी शाळंची गडबड. मी बांधीन माजी मी." मी म्हटलं, "मला बघू तरी द्या." त्या पाय लुगड्यात ओढून घ्यायच्या. "बगण्यासारखं काय न्हाई. दुकत बी न्हाई." दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं मी समजले. साखरेच्या माणसाला दुखणं कळतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या सोडलेल्या पट्ट्या बादलीत टाकून ठेवायच्या. संध्याकाळी आले की मी त्या धुवायचे. पिवळट, कधी तपकिरी. हळदीचं असेल म्हणायचे. त्या पट्ट्या मी माझ्या हातांनी, नाकापासून हातभर अंतरावर, आठ-दहा दिवस धुतल्या.

आणखीही गोष्टी होत्या, त्या मला नंतर एकेक करून आठवल्या. आत्या ओट्यावर बसायच्या बंद झाल्या. बायका आल्या की, "आंगात कणकण हाय," म्हणून आतूनच बोलायच्या. घरात सारखी धुनी पेटलेली असायची. शेणीच्या निखाऱ्यावर ऊद आणि कापूर. मला वाटलं, श्रावण तोंडावर आहे, म्हणून असेल. त्या धुरानं माझ्या शिंका वाढल्या, डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं, "आत्या, धुनी थोडी कमी करा." त्या म्हणाल्या, "डास लय झाल्यात." पण निखारा त्यांनी माझ्या खोलीच्या दारापासून उचलून स्वतःच्या खाटेखाली नेऊन ठेवला.

नागपंचमीला माझी नणंद माहेरपणाला आली. दुपारची वेळ होती, शाळेला सुट्टी होती, मी पुरण वाटत होते. त्या भिजलेली छत्री मिटवून उंबऱ्याच्या आत आल्या आणि तिथंच थांबल्या. पदर नाकाला लावला.

"वैनी, उंदीर मेलाय का घरात?"

"नाही वन्सं. का?"

"का म्हंजे? हुबं ऱ्हावत न्हाई हितं."

त्या वासाच्या मागानं गेल्या. मी हात पुसत त्यांच्या मागं. आत्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नणंदेनं पांघरूण बाजूला केलं, पट्टी सोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि तळव्याचा बाहेरचा भाग टाचेपर्यंत फुगून निळा झाला होता. मी वाकून पाहिलं. वास मला तेव्हाही आला नाही. इतक्या जवळ उभी होते, तरी नाही. माझ्या हातांना लागलेल्या पुरणाचाही नाही.

"तू काय करत हुतीस घरात?" नणंद म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजाऱ्यांची जीप काढली. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी पट्टी उघडून पाहिली आणि आम्हाला थेट सांगलीला पाठवलं. तिथं पाय बघणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "ड्रेसिंग कोण करत होतं?"

"मी. म्हणजे आधी मी."

"वास आला नाही तुम्हाला? वॉर्डच्या दारात येतोय."

"मला वास येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एक क्षण पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिले. तो क्षण मी ओळखला. ओट्यावरच्या बायका तशाच बघायच्या.

आधी दोन बोटं काढली. चार दिवसांनी विष वर चढतंय म्हणाले आणि गुडघ्याखाली पाय काढला. नवरा सुट्टी घेऊन पोचला तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. त्यानं मला एवढंच विचारलं, "कसं काय कळलं नाही?" मी सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. माझं नाक त्याला माहीत होतं, ऑपरेशन त्यानंच करून आणलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न गेला नाही.

आठव्या दिवशी दुपारी नणंद जेवायला खाली गेल्या होत्या, नवरा औषधं आणायला. आत्या जाग्या होत्या. मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन त्यांनी तोंड मिटलं.

"मला येत हुता वास," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल बोलतात ते.

"पायाचा. मला येत हुता."

"कधीपासून?"

"आठ-धा दिस झालं आसतील."

"मग सांगितलं का नाही आत्या?"

"सांगितलं आसतं तर तू दवाखान्यात न्हेलं आसतंस. तितं पाय काडत्यात. माज्या चुलत्याचा काडला हुता." त्यांनी चादर वर ओढली. "तुला वास येत न्हाई. म्हंजे कुणाला कळायचं न्हाई, आसं वाटलं. लेक यीस्तवर बरं हुईल म्हटलं."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. सहा-सात वर्षं ज्याला त्यांनी सोंग म्हटलं, त्यावर त्यांनी एवढा भरवसा ठेवला होता. मला संताप आला, तो इतका की उठून वॉर्डाबाहेर जावंसं वाटलं. त्याच वेळी समोरची चादर गुडघ्याखाली सपाट झालेली दिसत होती. मी वाटी टेबलावर ठेवली आणि बसून राहिले.

"लेकीला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "ती म्हनंल, आईनंच केलं."

"बरं," मी म्हणाले.

तो शब्द मी पाळला. त्यामुळे गावात जे पसरलं ते पसरू दिलं. सुनेनं लक्ष दिलं नाही, मास्तरीण बाई दिवसभर बाहेर, म्हातारीचा पाय सडला तरी पत्ता नाही. नणंदेनं मलकापुरात सांगितलं, ते लग्नाकार्यांतून फिरून परत माझ्या कानावर आलं. शाळेतल्या एका बाईंनीही विचारलं, "खरं का हो?" आत्या हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी कुणाचंही बोलणं खोडलं नाही. मी वाट बघत होते, हे कबूल करते. एखाद्या दुपारी कुणी पाहुणी बसलेली असताना त्या म्हणतील, तिची चूक न्हाई. त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

नवऱ्याची नोकरीची वर्षं भरत आली होती, तो पेन्शन घेऊन घरी आला. आत्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत खिडकीशी आणली. शौचापासून आंघोळीपर्यंत सगळं मी करत होते, शाळेच्या वेळात नवरा. रोज सकाळी मी त्याला हाक मारून म्हणायचे, "जरा इकडे येऊन बघा, वास येतोय का." दुसरा पाय, पाठ, मांड्या, जिथं जिथं कातडं घासत होतं तिथं तिथं. तो वाकून वास घ्यायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. आत्या डोळे मिटून घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात ऊस तुटल्यावर नवरा पाचट पेटवायला काडेपेटी घेऊन निघाला. आत्या खाटेवरून म्हणाल्या, "आवंदा पेटवायचं न्हाई."

"का?"

"कुजव."

"आई, खोडवं ठिवायचंय, ह्याच बुडख्यास्नी फुटवा यायला पायजे. पाचटात माणूस शिरंना. कुजवायचं म्हंजे लय काम."

"मग कर काम. हिला धूर सोसत न्हाई."

एवढंच. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. नवऱ्यानं काडेपेटी फळीवर ठेवली. आम्ही सरी आड सरी पाचट ओढलं, त्यावर खत टाकलं, पाणी सोडलं. दोन दिवसांनी बांधापलीकडच्या रानात दुपारीच जाळ उठला. वारा आमच्याकडे होता. खिडकी लावेपर्यंत जळकी पानं आत आली आणि आत्यांच्या पांढऱ्या चादरीवर पडली. मी शिंकत होते. आत्यांनी त्यातलं एक उचललं, बोटांत चुरलं आणि माझ्यापुढे काळी बोटं धरली.

"हे आपलं न्हवं," त्या म्हणाल्या.

चैत्रात त्या गेल्या. जखमेनं नाही, झोपेतच हृदय बंद पडलं. तेराव्याला बायका जमल्या तेव्हा नणंद माझ्यासमोर म्हणाल्या, "पाय ऱ्हायला आसता तर आई अजून धा वर्सं जगली आसती."  मी पानं वाढत होते, वाढत राहिले. हॉस्पिटलमधल्या त्या दुपारबद्दल मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा हे कागदावर लिहिते आहे. आत्यांना दिलेला शब्द मोडतेय हे मला कळतं. पण लेकीचं नाव मी लिहिलेलं नाही, आईचंही नाही.

सांगलीचे डॉक्टर दुसरं ऑपरेशन करू म्हणतात. हवा तीच असेल तर तिसरंही लागेल, हेही सांगतात. नवऱ्याच्या मनात होतं, मी माण तालुक्यात बदली मागावी आणि आपण तिकडं जाऊन राहावं. मागच्या दिवाळीला आम्ही माहेरी गेलो होतो. भाऊ मोटारसायकलवरून रान दाखवायला घेऊन गेला. आता तिकडं कालव्याचं पाणी आलंय. जिथं आम्ही शेळ्या राखायचो त्या माळाच्या पायथ्याला त्याचा डोक्याएवढा ऊस उभा होता. पहिलाच. तो त्या सरींतून हात फिरवत चालला होता आणि त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"तुटल्यावर पाचटाचं काय करणार?" मी विचारलं.

"काय करायचं? पेटवायचं," तो म्हणाला. "सगळी तेच करत्यात."

मी त्याला काही सांगितलं नाही. आमच्या आईनं आयुष्यभर मैलभरावरून पाणी वाहिलंय. त्या रानात उभं राहून ऊस लावू नको असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? परत आल्यावर मी माण तालुक्यासाठी बदलीचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून वर्गात गेले.